पहिलं रोप शून्य फुटांवर: ॲरे कसा मोजावा, भाषा कोणती धरावी

प्रोग्रॅमिंग शिकणारा पहिल्याच आठवड्यात अडतो: यादीतली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची का? रावेर-यावलकडे केळी लावणाऱ्याला हे चटकन कळेल.

आधी कागदावर बाग आखा. बांधापाशी खुंटी ठोका, दोरी ताणा, पाच-पाच फुटांवर रोपं लावा. पहिलं रोप खुंटीपासून किती लांब? "ते तं खुंटीपाशीच राहीन ना भो!" म्हणजे शून्य फूट. दहावं पन्नास नव्हे, ४५ फुटांवर. सी भाषेतला ॲरे, म्हणजे मेमरीत ओळीनं मांडलेली यादी, असाच. इंडेक्स म्हणजे वस्तूचा नंबर नाही, खुंटीपासूनचं अंतर. एक पूर्णांक मेमरीत सहसा ४ बाइट जागा घेतो, तेव्हा इंडेक्स ९ चा आकडा ३६ बाइट पुढे सापडतो.

आता पायथॉन भाषेत केळीचे सात दिवसांचे भाव भरा. सोमवार भाव[०], रविवार भाव[६]. बेरजेसाठी कुठले इंडेक्स घ्यायचे ते रेंज सांगते. मी पहिल्यांदा रेंज(१, ७) लिहिलं आणि बेरजेला सातनं भागलं. सरासरी पाहून वडील म्हणाले, "एवढा भाव कधी पडला?" सोमवार गळाला होता. रेंजमध्ये सुरुवात धरतात, शेवट सोडतात. म्हणून रेंज(०, ७) हवं. सातातून शून्य वजा केलं की नग थेट मिळतात. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली शून्याची बाजू मांडली ती याच हिशेबानं.

मग मुद्दाम भाव[७] मागा. पायथॉन तिथेच थांबून चूक दाखवतं. सी मात्र सहसा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात शिरते आणि तिथलं जे हाती येईल ते घेऊन येते. कुणी हटकत नाही. नवख्यानं सीपासून सुरुवात करू नये असं मला वाटतं ते यासाठीच. हिशेब, याद्या, फाइली यांना पायथॉन पुरतं. ठिबकचा पंप चालवणारी छोटी चिप हाताळायची असेल, जिथे मेमरी मोजून मिळते, तेव्हा सी शिका. सी++ त्याच्याही नंतर.

आर, मॅटलॅब, ज्युलिया, लुआ या भाषा एकपासून मोजतात. फोर्ट्रानही, वेगळं सांगितलं नाही तर. नवी भाषा हाती आली की १०, २०, ३० अशी यादी करा आणि इंडेक्स १ छापा. १० आलं तर मोजणी एकपासून, २० आलं तर शून्यापासून.