पिल्लू खातंय, पण वाढत नाही? या चुका टाळा

पाळीव सरड्याचं पिल्लू रोज खातं आणि तरी अंगी लागत नाही, तेव्हा बहुतेक जण त्याच्या खाण्यातले रातकिडे वाढवतात. पहिली चूक इथेच होते. सरड्याचं पचन बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. ऊब कमी पडली की खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं आणि वर आणखी भरलं तर पिल्लू ओकतं.

म्हणून आधी तापमान मोजा, तेही योग्य जागी. टँकच्या, म्हणजे पिल्लू ठेवलेल्या पेटीच्या, काचेला चिकटवलेला थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो. पिल्लू जिथे पोट टेकून बसतं, त्या दगडावर इन्फ्रारेड गन (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) धरा. बियर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको या पाळल्या जाणाऱ्या सरड्यांच्या जाती. बियर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाला तिथे ३८ ते ४२ अंश सेल्सिअस लागतात. लेपर्ड गेकोला उबदार लपणीच्या तळावर ३१ ते ३३ पुरतात. टँकचं दुसरं टोक मात्र २५ अंशांच्या आसपास हवं. अख्खा टँक तापवला तर पिल्लाच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि खाणंही सुटतं.

एकत्र वाढणारी पिल्लं भांडत नाहीत म्हणजे त्यांचं पटतंय, असं मुळीच नाही. दांडगं पिल्लू धाकट्याच्या पाठीवर चढून बसतं. ते प्रेम नव्हे. वरचं ऊब घेतं, खालचं गारठतं. शेपटीचं टोक किंवा बोटं कुरतडलेली दिसली तर आजच वेगळं करा. वेगळं केल्यावर दोन-तीन आठवड्यांत वजन चढलं, तर दुखणं तेच होतं.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, म्हणून देण्याआधी २४ तास त्यांना हिरवा पाला खाऊ घाला आणि कॅल्शियमची पूड लावा. ते अंग साफ करून पूड झाडून टाकतात, त्यामुळे १०-१५ मिनिटांत संपतील एवढेच सोडा. उरलेले काढा, रात्री ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

कॅल्शियम अंगी लागायला यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण, लागतात. ते देणारी ट्यूब टँकच्या काचेवर ठेवली तर जवळपास निरुपयोगी, जाळीवर ठेवली तरी बराच मारा अडतो. ट्यूब पेटते म्हणजे यूव्हीबी देते असंही नाही. साधारण वर्षभराने बदला. जबडा मऊ लागला किंवा पाय थरथरले तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

वजन ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, आठवड्यातून एकदा, खाण्याआधी. एखादा आठवडा अडखळला, विशेषतः कात टाकताना, तर दुर्लक्ष करा. ऊब, जागा, खाणं सगळं नीट असूनही तीन आठवडे वजन हललं नाही, तर ताजी विष्ठा बंद डबीत घालून तपासायला द्या. बियर्डेड ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी वारंवार सापडतात. लेपर्ड गेको खात असूनही शेपटी बारीक होत असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीची चाचणी मागा. त्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून निकाल येईपर्यंत त्या पिल्लाचा चिमटा आणि वाटी दुसऱ्या टँकमध्ये जाऊ देऊ नका. जंताचं औषध अंदाजाने तर नकोच: मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लू अवघं काही ग्रॅमचं असतं.