अमेरिकेतलं मेडिकल-डेंटल लोन आणि एनएचएससी: अर्ज करायच्या आधी काय काय बघायचं

डेंटल स्कूल, पीए (फिजिशियन असिस्टंट) स्कूल नाहीतर रेसिडेन्सी संपत आली की आपली इकडची मराठी मुलं (आणि मुलांपेक्षा त्यांचे आईबाबा जास्त) हमखास विचारतात, की गरीब वस्तीत किंवा खेड्यात काम केलं तर सरकार लोन फेडतं म्हणतात, ते खरंय का? खरंय. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर म्हणजे एनएचएससी, १९७० च्या कायद्यातून आलेली जुनी योजना आहे, एचआरएसए नावाचं सरकारी खातं चालवतं, आणि पैसे खरोखर मिळतात. पण सगळे आकड्यावरच अडकतात आणि मागची कागदपत्रं कोणी वाचत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पासपोर्ट बघा. अमेरिकन सिटिझन किंवा नॅशनल असल्याशिवाय एनएचएससीला अर्जच करता येत नाही. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-वन तर सोडूनच द्या. मुंबई-पुण्याहून बीडीएस करून इथे अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगमधून (परदेशी डेंटिस्टसाठीचा छोटा कोर्स) डीडीएस, म्हणजे इथली डेंटल डिग्री, केलेल्या बऱ्याच जणांचा रस्ता इथेच अडतो, आणि ते कळतं सगळा फॉर्म भरायला बसल्यावर. तुम्ही नर्स असाल आणि ग्रीन कार्ड असेल तर मात्र नर्स कोअर म्हणून वेगळी योजना आहे, तिथे ग्रीन कार्ड चालतं, दोन वर्षांच्या नोकरीवर लोनच्या ६० टक्के देतात आणि तिसरं वर्ष मिळालं तर अजून २५ टक्के, फक्त त्या पैशावर टॅक्स कापला जातो हे लक्षात ठेवा. जे-वन या एक्सचेंज व्हिसावर रेसिडेन्सी केलेले डॉक्टर जे 'कॉनरॅड ३०' म्हणतात ते वेगळं प्रकरण आहे, त्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं आणि बदल्यात दोन वर्षं मायदेशी परत जायची अट माफ होते. काम त्याच प्रकारच्या ठिकाणी असतं म्हणून लोक दोन्ही एक समजतात, पण त्यात लोनचा एक डॉलरही फिटत नाही.

आता आकडे. २०२४ पासून प्रायमरी केअरवाल्यांना, म्हणजे फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स, ओबीजीवायएन (स्त्रीरोग-प्रसूती) वगैरे डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, पीए, मिडवाइफ यांना दोन वर्षं फुलटाइमसाठी ७५,००० डॉलरपर्यंत. डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि मेंटल हेल्थवाल्यांना ५०,००० पर्यंत. हाफटाइम केलं तर दोन्हीकडे निम्मे. आणि 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा, लोन ३०,००० असेल तर ३०,०००च मिळणार. पैसे एकरकमी, सुरुवातीलाच, थेट तुमच्या बँकेत येतात आणि त्यावर फेडरल टॅक्स नाही. पगार वेगळा, तो क्लिनिक देतं, आणि तुम्हाला एनएचएससीचे पैसे मिळतात म्हणून क्लिनिकला पगार कमी करता येत नाही, हे पगाराची बोलणी करताना डोक्यात असू द्या. फार्मासिस्ट आणि साध्या आरएन (रजिस्टर्ड नर्स) या मुख्य योजनेत बसत नाहीत, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीच्या कामाची तीन वर्षांची योजना आहे, ७५,००० पर्यंत, आणि त्याच कामाची ग्रामीण भागासाठीची १ लाखापर्यंत.

कुठलं लोन चालतं? तुमच्या स्वतःच्या नावावरचं, त्या डिग्रीच्या शिक्षणासाठी घेतलेलं, सरकारी किंवा खाजगी बँकेचं. खाजगी चालतं ही मोठी गोष्ट आहे, पुढे सांगतो का ते. आईबाबांच्या नावावरचं पॅरेंट प्लस लोन चालत नाही, क्रेडिट कार्ड नाही, काकांकडून हातउसने घेतलेले नाहीत, बाबांनी कोथरूडचा फ्लॅट गहाण ठेवून पाठवलेले तर अजिबात नाहीत. कर्ज देणारी संस्था अमेरिकेतल्या सरकारी देखरेखीखालची असावी लागते, त्यामुळे भारतातल्या बँकेचं शिक्षणकर्ज या हिशोबात धरूच नका. अजून एक, लोन रिफायनान्स करताना त्यात नवऱ्याचं किंवा बायकोचं लोन, कारचं लोन असं काही मिसळू नका. एकदा खिचडी झाली की ते अख्खं लोन बाद होतं.

आता नोकरी, कारण खरा खेळ इथे आहे. योजना तुमच्यापेक्षा तुमच्या जागेकडे बघते. दोन गोष्टी लागतात: क्लिनिक एनएचएससीने मान्य केलेलं असलं पाहिजे, आणि त्याला तुमच्या विषयाचा एचपीएसए स्कोअर असला पाहिजे. एचपीएसए म्हणजे आरोग्यसेवकांची टंचाई असलेला भाग किंवा संस्था. प्रायमरी केअर आणि मेंटल हेल्थचा स्कोअर २५ पर्यंत जातो, डेंटलचा २६ पर्यंत, जितका जास्त तितकी टंचाई जास्त, आणि पैसे वाटताना जास्त स्कोअरवाल्यांना आधी. गंमत अशी की एकाच क्लिनिकचे तिन्ही स्कोअर वेगवेगळे असतात. रिक्रूटर उत्साहाने सांगतो 'आमचा स्कोअर एकवीस', तुम्ही डेंटिस्ट, आणि तो एकवीस असतो मेंटल हेल्थचा. म्हणून रिक्रूटरच्या तोंडावर जाऊ नका, एचआरएसएच्या साइटवर 'हेल्थ वर्कफोर्स कनेक्टर' आहे त्यात क्लिनिक शोधा, स्कोअर आणि मान्यता दोन्ही तिथे दिसतात. 'आमचा भाग मेडिकली अंडरसर्व्ह्ड आहे' हेही पुरत नाही, ते एमयूए नावाचं वेगळं वर्गीकरण आहे, एनएचएससीला एचपीएसएच लागतं.

बहुतेकांची नोकरी एफक्यूएचसीत असते, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स, त्यांना एचपीएसएचा दर्जा आपोआप मिळतो. पण अशा सेंटरच्या चारपाच शाखा असतात आणि तुम्हाला सोमवार-मंगळवार इथे, बुधवारी तिथे असं फिरवतात, तर प्रत्येक शाखा मान्यताप्राप्त आहे का ते विचारा, ज्या शाखेला मान्यता नाही तिथले तास धरले जात नाहीत. हे ऑफर लेटर सही करायच्या आधी ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको.

माझं स्पष्ट मत सांगू? स्कोअरसाठी नोकरी घेऊ नका. आधी बघा तिथे दोन वर्षं टिकाल का, पेशंट किती बघायला लावतात, असिस्टंट मिळतो का, मेडिकल किंवा डेंटल डायरेक्टर दर सहा महिन्यांनी बदलतोय का, आधीचा डॉक्टर का सोडून गेला. तिथे काम करणाऱ्या एखाद्याशी क्लिनिकच्या बाहेर कॉफी प्या. हे एवढं का सांगतोय तर कॉन्ट्रॅक्ट मोडलं तर काय होतं ते बघा.

आपल्याकडे 'बॉन्ड भरून मोकळं व्हायचं' अशी एक सवय आहे, ती इथे डोक्यातून काढा. मोडलं तर न केलेल्या काळाचे पैसे परत, शिवाय राहिलेल्या प्रत्येक महिन्याचे ७,५०० डॉलर, शिवाय व्याज, आणि कमीत कमी ३१,०००. उदाहरण घ्या. डेंटिस्टला ५०,००० मिळाले, बरोबर एक वर्ष काम केलं आणि मग बॉसशी भांडून सोडलं. राहिलेले महिने बारा. अर्धे पैसे परत म्हणजे २५,०००, वर बारा गुणिले ७,५०० म्हणजे ९०,०००. झाले १,१५,००० अधिक व्याज. घेतले पन्नास, अर्धं काम केलं, आणि देणं घेतल्याच्या दुपटीच्याही वर. ते सगळं एका वर्षात फेडायचं असतं. क्लिनिक बंद पडलं, लेऑफ झाला किंवा खरंच तिथे राहणं अशक्य झालं तर दुसऱ्या मान्यताप्राप्त जागी ट्रान्सफर मागता येते, पण आधी एनएचएससीला कळवायचं, परवानगी यायची, मग हलायचं. रागाच्या भरात राजीनामा टाकून मग फोन केला तर पंचाईत.

सुट्टीचंही गणित आहे. फुलटाइम म्हणजे आठवड्याला ४० तास, वर्षाला ४५ आठवडे, म्हणजे सगळं मिळून सात आठवडे बाहेर राहता येतं. सगळं मिळून म्हणजे सणाच्या सुट्ट्या, आजारपण, कॉन्फरन्स, व्हेकेशन, सगळंच. भावाच्या लग्नाला डिसेंबरात पाच आठवडे भारतात गेलात आणि मार्चमध्ये फ्लू झाला तर हिशोब लगेच तंग होतो. बाळंतपण किंवा मोठं आजारपण असेल तर सस्पेन्शन मागता येतं, कॉन्ट्रॅक्ट मोडत नाही पण संपायची तारीख पुढे सरकते.

अर्जाचं फार कौतुक नाही. वर्षातून एकदा खिडकी उघडते, तारखा बदलत राहतात म्हणून एचआरएसएच्या ईमेल यादीत नाव टाकून ठेवा. लायसन्स, सिटिझनशिपचा पुरावा, क्लिनिककडून नोकरीची ऑनलाइन खातरजमा, आणि प्रत्येक लोनचे दोन कागद: आत्ताची बाकी दाखवणारं स्टेटमेंट आणि मूळ लोन कधी, किती, कशासाठी घेतलं ते दाखवणारा डिस्बर्समेंट रिपोर्ट. हा दुसरा कागद खाजगी बँका लवकर देत नाहीत, लोन एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं गेलं असेल तर अजूनच वैताग, म्हणून खिडकी उघडायची वाट न बघता आधीच मागून ठेवा. एचआरमधली कोण व्यक्ती तुमची खातरजमा करणार तिचं नाव विचारून ठेवा, ती सुट्टीवर गेली तरी डेडलाइन थांबत नाही. स्पॅनिश खरंच येत असेल तर ती परीक्षा देऊन सिद्ध करणाऱ्यांना ५,००० पर्यंत जास्तीचे मिळू शकतात. मराठी-हिंदी-गुजराती येण्याला भाव नाही, विचारू नका.

आता पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस ही वेगळी लोनमाफीची योजना, ज्यात सगळे गोंधळतात. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत फुलटाइम काम करत फेडरल डायरेक्ट लोनचे (थेट केंद्र सरकारकडून घेतलेल्या लोनचे) १२० हप्ते भरले की उरलेलं लोन माफ, त्यावर फेडरल टॅक्स नाही, आणि ग्रीन कार्डवालेही यात बसू शकतात. एफक्यूएचसी बहुतेक ना-नफाच असतात, म्हणजे एकाच नोकरीत दोन्ही चालू शकतं. पण साडेतीन लाखांचं फेडरल लोन असेल, उत्पन्नावर आधारित छोटे हप्ते भरत दहा वर्षं ना-नफा संस्थेत राहायचं पक्कं असेल, तर एनएचएससीचे ५०,००० बरेचसे त्या रकमेत जातात जी नाहीतरी माफच होणार होती. कारण मिळालेला प्रत्येक डॉलर कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आत लोनवर टाकायचा असतो आणि त्याचा पुरावा द्यायचा असतो, बाजूला ठेवता येत नाही. अशा वेळी माझ्या मते निदान तुमचे दोन वर्षांचे हप्ते त्यातून जातील एवढा फायदा धरा आणि त्यासाठी वरची दंडाची जोखीम घ्यायची का ते ठरवा. लोन लाख-दीड लाखाच्या आसपास असेल तर एनएचएससी सरळ फायद्याची. आणि लोन खाजगी असेल, को-सायनर (जामीनदार) घेऊन काढलेलं किंवा आधीच रिफायनान्स केलेलं, तर पीएसएलएफ तुम्हाला लागूच नाही, मग एनएचएससी किंवा तुमच्या राज्याची योजना हाच रस्ता. डॉक्टरांसाठी न्यूयॉर्क तीन वर्षांना १,२०,००० पर्यंत देतं, टेक्सस चार वर्षांना १,८०,००० पर्यंत, प्रत्येकाचे नियम वेगळे आणि दोन बॉन्डचा काळ एकाच वेळी भरता येत नाही.

अवॉर्ड मिळाला की दर सहा महिन्यांनी पोर्टलवर 'काम करतोय' अशी नोंद करायची आणि क्लिनिकने ती मान्य करायची. हप्त्यांचा प्रत्येक पुरावा पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये टाकत जा. दोन वर्षांनंतर लोन शिल्लक असेल तर एकेका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून मागता येतं, रक्कम कमी असते, आणि आधीचे सगळे पैसे लोनवरच गेले हे दाखवल्याशिवाय ते मिळत नाही.