बॅच अर्ध्यावर का फुटते? गावातल्या प्रौढ वर्गात आणि कौशल्य प्रशिक्षणात या चुका टाळा

बॅच फुटली, म्हणजे शिकणारी माणसं मध्येच येईनाशी झाली, की खापर लोकांवर फुटतं. "बायांना शिकायचंच नाही," असं मीही एका अहवालात लिहून बसले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही अक्षरओळख आणि शिवणकाम असा जोडवर्ग काढला होता. तीस नावं, उद्घाटनाला हारतुरे, बॅनरवर पाच भागीदार. दिवाळी झाली आणि हजेरी नऊवर आली. एकीला गाठायला थेट वावरात गेले. कमरेच्या ओटीत कापूस कोंबत, मान वर न करता ती म्हणाली, "किलास चांगलाच हाय जी मॅडम. पण कापूस थांबते का?"

वेचणीची मजुरी किलोवर. वर्गातले तीन तास म्हणजे तेवढे किलो गेले, आणि घरी जाब द्यायचा तो वेगळाच. आमच्या पाचही भागीदारांना हे ठाऊक होतं. पण तारीख ठरली ती निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा म्हणून.

चूक: हंगाम न विचारता तारीख

कापूस-तुरीच्या पट्ट्यात फेब्रुवारीनंतर बायांना जरा उसंत मिळते. मे महिन्यात मात्र टिनाखाली दुपारचा वर्ग घ्यायचा विचारही करू नका. भंडारा-गोंदियाकडे रोवणी (भाताची लावणी) आणि धानकापणी सोडून बोला. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलला मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. तेव्हा पहाटेपासून घरात कोणी सापडत नाही. मेळघाटात कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला परततात. नावं घ्यायला ते दिवस उत्तम, वर्ग चालवायला नाहीत. आणि तिथे शिकवणाऱ्याला कोरकू येत नसेल, तर पहिला महिना नुसता माना हलवण्यात जातो.

वेळही आपण ठरवायची नाही. बचत गटाच्या बैठकीत जाऊन बसायचं आणि बाजाराचा दिवस, पाण्याची वेळ, एसटीची फेरी विचारून घ्यायची.

चूक: करार पाच जणांशी, चावी कोणाकडे?

भागीदारी म्हणजे सह्या आणि फोटो, हा समज सगळ्यात महागात पडतो. आमचा वर्ग समाजमंदिरात भरायचा. चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे. तो एकदा लग्नाला गेला आणि बावीस बाया तासभर ओट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी अकराच आल्या. याची नोंद कुठल्याही करारात नसते.

म्हणून आता कराराआधी आम्ही एक साधा कागद भरतो: जागा कोणाची, चावी कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, शिलाई मशीन बिघडली तर कोणाला फोन, लहान लेकरं कोण सांभाळणार. प्रत्येक ओळीपुढे संस्थेचं नाही, माणसाचं नाव. सरपंच बदलला की तोंडी शब्द हवेत विरतो, म्हणून ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो विषय त्याच ठरावात काढा. पैसा थोडा असतो, पण ग्रामपंचायतीचा पैसा लागला की चावी वेळेवर मिळते, हा अनुभव आहे.

कोणाकडून काय मिळतं तेही आधी बघा. उल्लास हा केंद्र सरकारचा साक्षरता कार्यक्रम 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि तो स्वयंसेवकांवर चालतो. गावातली बारावी झालेली सूनही शिकवू शकते. जन शिक्षण संस्थान साधारण 15 ते 45 वयोगटातल्या कमी शिकलेल्यांना हुन्नर शिकवतं. बँकेच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट, शिवाय नंतर दोन वर्षं पाठपुरावा करण्याची जबाबदारी त्यांचीच. तो पाठपुरावा मागून घ्यावा लागतो. फक्त अंगावर पिणारं लेकरू असलेली बाई निवासी प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी राहू शकत नाही. तिला तिकडे पाठवून "गळती झाली" म्हणू नका.

चूक: कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात

टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग. परीक्षा पास होऊनही प्रमाणपत्र अडकतं. नोंदणीच्या दिवशीच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती वर्ग सुरू व्हायच्या आधी. बायोमेट्रिक हजेरीचंही तेच. निंदण-वेचणी करून झिजलेली बोटं मशीनवर उमटत नाहीत. अशांच्या हजेरीची दुसरी सोय काय, ते संबंधित कार्यालयाकडून पहिल्याच दिवशी लेखी घ्या.

चूक: तोच ट्रेड, तेच पुस्तक

शिवण, ब्युटीपार्लर, कॉम्प्युटर. गावात आधीच चार मशिना असतील तर पाचवीला ब्लाऊज कोण देणार? ज्या वर्ध्यात 1937 साली हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, त्याच्या आसपासही आपण ट्रेड निवडतो ते छापील यादीतून! त्यापेक्षा गावात काय बिघडतं ते मोजा. सौर कृषी पंप वाढताहेत, ते दुरुस्त करायला माणूस तालुक्याहून येतो. ठिबकच्या नळ्या, दुचाक्या, शेळ्यांचं लसीकरण, सगळीकडे हेच. कृषी विज्ञान केंद्र, आयटीआयचे निदेशक आणि गावचा जुना मिस्त्री, तिघांना एकत्र बसवा. मिस्त्रीला मानधन द्या, नुसता सत्कार नको.

अक्षरओळखीतही "कमळ, घर" पासून सुरुवात झाली की प्रौढ माणूस लाजतो. आम्ही नंतर वजनकाट्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी बांधावर कापूस तोलताना काट्यावर 18.4 दिसतं; तो दशांश वाचता येणं, स्वतःच्या वहीत लिहिणं आणि आठवड्याची बेरीज करणं. एकीने तिसऱ्या आठवड्यात मालकाच्या वहीशी आपली वही ताडून पाहिली. दोन किलोंचा फरक निघाला. दुसऱ्या दिवशी तिच्या तीन जावा वर्गात हजर.

चूक: मालकाला शेवटी बोलावणं

प्रमाणपत्र वाटपाला कारखान्याचा माणूस पाहुणा म्हणून बोलावून उपयोग नाही. त्याला ट्रेड ठरवतानाच बोलवा. 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, हे सांगून बोलणं सुरू केलं की सूर बदलतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीला कारखान्यात लागलेली मुलगी पंधरा दिवसांत परत आली, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिशेब करा: खोलीचं डिपॉझिट, खानावळ, पहिला पगार महिन्यानंतर. ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडून, तेवढ्यापुरतं कर्ज मिळवून दिलं की यातल्या बऱ्याच टिकतात.

बॅच फुटलीच असेल तर फोन करकरून ओढू नका. ती थांबवा आणि पुन्हा गटाच्या बैठकीत जा. आमची ती बॅच मार्चमध्ये परत भरली. वेळ बायांनीच ठरवली: दुपारी एक ते चार, बुधवार सोडून. बुधवारी बाजार असतो.