गार नाला ‘सुधारू’ नका: आसऱ्याच्या जागा जपताना या चुका टाळा

आसऱ्याची जागा म्हणजे कडक उन्हाळ्यातही गार राहणारा रानाचा तुकडा. पहिली चूक म्हणजे जुलैत ही जागा ठरवणं. पावसाळ्यात नागपूरभोवती सगळंच हिरवं असतं. खरा आसरा कळतो तो नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारीही जिथली माती हाताला गार लागते, ती जागा आपली. बहुतेक वेळा ती अर्जुन-जांभळाच्या सावलीतल्या खोलगट नाल्यात किंवा टेकडीच्या उत्तर उतारावर सापडते. ऊन वाढत जाईल तसे बाकीच्या रानातले जीव इथेच तग धरतील. मी मे महिन्यात दुपारी दोनला जातो, पाचोळ्याखाली हात घालून बघतो आणि तीन उन्हाळे तीच जागा तपासतो. एका फेरीत अशा जागांची यादी मागणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते: साफसफाई. हिंगण्याकडचा एक नाला माझ्या चांगला ओळखीचा होता. पाणी एप्रिलातच आटायचं, पण जांभळाच्या मुळाशी वीतभर पाचोळा असे. तो बाजूला केला की खाली ओल, आणि ओलीत दबून बसलेले बेडूक. काठाला खेकड्यांची बिळं, तोंडं चिखलानं लिंपलेली. एका फेब्रुवारीत उत्साही मंडळींनी तिथे जेसीबी घातला. नाला खोल आणि सरळ केला, पडकी खोडं उचलून नेली, वर रोपं लावून फोटो काढले. हेतू चांगला होता, म्हणून जास्तच लागतं. मे महिन्यात गेलो तर उघडा मुरूम तापलेला आणि बिळांचा पत्ता नाही. तेव्हापासून नाल्यातून मी फक्त प्लास्टिक उचलतो, तेही हातानं.

मोहफुलं वेचायला पाचोळा पेटवू नका, जुनी लुगडी अंथरा. वाऱ्याबरोबर ती आग नाल्यात उतरते.

घाणेरी (टणटणीचं पसरणारं झुडूप) काढा, पण पावसाच्या तोंडावर आणि थोडी थोडी. भर उन्हाळ्यात एकदम काढली की जमीन उघडी पडते.

सुबाभूळ लावू नका. गवताळ माळावर तर कुठलंच झाड नको. तो चंडोलांचा आसरा आहे.

आणि एकच तुकडा वाचवून थांबू नका. जिवांना तिथवर पोचायला वाट लागते. ती आपल्याकडे नाल्याच्या काठानं आणि शेताच्या धुऱ्यावरनं, म्हणजे बांधावरनं जाते, म्हणून मी शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून धुऱ्यावरची पळस-बोराटी ठेवा म्हणून विनवतो. चारदा जावं लागतं. गेल्या वर्षी एका काकाजींनी नाल्याकडच्या नांगराच्या दोन ओळी न नांगरता सोडल्या.