पुडी घेण्याआधी रोगाची जात ओळखा
गोव्यातील बागायतदारांसाठी पावसाळ्याच्या तोंडावरचा कृषी सल्ला

मे महिना संपत आला की कृषी औषधांच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पोफळीक रोग पडटा, कितें तरी दी’, म्हणजे पोफळीला रोग पडतोय, काहीतरी दे. दुकानदार काहीतरी देतो. कित्येकदा ती कार्बेन्डाझिमची पुडी असते. वेष्टनावर ‘बुरशीनाशक’ लिहिलेलं असतं, भावही परवडतो, त्यामुळे घेणाऱ्याला शंका येत नाही. पण सुपारीच्या कोळेरोगावर, म्हणजे पावसात कोवळी सुपारी कुजून गळण्याच्या रोगावर, ती पुडी काडीचाही उपयोग करत नाही. पैसे जातात, पाडेलीची, म्हणजे झाडावर चढून काम करणाऱ्याची, मजुरी जाते आणि गणेश चवथीच्या आधी झाडाखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडायचा तो पडतोच.

कृषी पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत वनस्पती रोगशास्त्राचा एक प्राथमिक विषय असतो. त्यातली बुरशांची लांबलचक लॅटिन नावं शेतकऱ्याच्या कामाची नाहीत, विद्यार्थीही परीक्षा झाली की विसरतात. पहिले दोन-तीन धडे मात्र कुळागर, म्हणजे सुपारी-माड-मिरीची एकत्र बाग, राखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावेत. रोग पडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: रोगाला बळी पडणारं पीक, रोगाचा जंतू आणि त्याला मानवणारं हवामान. आपल्याकडे तिसरी बाजू जून ते सप्टेंबर जंतूच्याच बाजूने असते. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरी-सांगे या तालुक्यांत त्याहूनही जास्त, आणि कुळागर तर मुळातच सावलीचं, ओलसर. हवामान आपल्या हातात नाही. म्हणून काम करायचं ते उरलेल्या दोन बाजूंवर, तेही पाऊस सुरू होण्याआधी. लक्षणं दिसल्यावर फवारणारा अर्धी लढाई आधीच हरलेला असतो, कारण झाडाच्या आत शिरलेल्या जंतूला बाहेरून फवारलेलं तांब्याचं औषध गाठू शकत नाही.

दुसरा धडा जंतूच्या जातीचा. बुरशी, जिवाणू, विषाणू ही तीन नावं सर्वांच्या ओळखीची असतात. पण आपल्या पावसात सर्वांत जास्त नुकसान करणारी मंडळी या तिन्हींत नीट बसत नाहीत. सुपारीचा कोळेरोग, मिरवेलीची (काळ्या मिरीच्या वेलीची) शीघ्र मर आणि माडाची कोंब कूज हे तिन्ही रोग फायटोप्थोरा या एकाच कुळातल्या जंतूंचे. दिसायला ते बुरशीसारखेच, पण जातकुळी वेगळी. त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. शेपटीसारख्या दोन तंतूंच्या जोरावर ते सुपारीवर साचलेल्या पाण्याच्या पातळ थरातून फिरतात आणि देठाजवळ आत शिरायला जागा शोधतात. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं, फायटोप्थोरावर त्याची मात्रा चालत नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक नासवून लाखो लोकांना उपाशी मारणारा करपा याच कुळातला.

या मंडळींवर अजूनही भरवशाचं आहे ते जुनंच बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत असत. त्याच वेलींवर केवडा रोग कमी दिसतो, हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. पुढे १९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी हेच मिश्रण कोळेरोगावर चालतं हे दाखवलं. घाटाखालच्या सुपारीने शंभर वर्षं त्यावर निभावलं आहे. महागड्या बाटल्यांच्या जाहिराती पाहून ते सोडून देण्याचं कारण मला तरी दिसत नाही. अट एकच, ते नीट तयार केलेलं असलं पाहिजे.

मिश्रण करताना

१ टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात लटकत ठेवा, सकाळपर्यंत विरघळलेलं असतं. चुना वेगळ्या पिंपात थोड्या पाण्यात विझवा, गाळा आणि त्याचंही ५० लिटर करा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि ओतताना लाकडी काठीने ढवळत राहा. तिसरं पिंप नसेल तर मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सोडा. चुन्याचं पाणी मोरचूदात कधीही ओतू नका, मिश्रण फाटतं आणि गाळ बसतो. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चालत नाहीत.

मिश्रण आकाशी निळं दिसलं पाहिजे. आता कोयता स्वच्छ घासून त्याचं पातं मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून थोडं चुन्याचं पाणी घाला आणि पुन्हा तपासा. पातं जसंच्या तसं निघालं की मिश्रण तयार. ही परीक्षा टाळली तर कोवळे भाग आणि सुपाऱ्या करपतात आणि दोष मात्र मिश्रणाच्या माथी येतो. जुना, हवा लागून भुकटी झालेला चुना वापरला तर असं होण्याचा संभव जास्त. मिश्रण झाडावर धरून ठेवणारा राळेचा किंवा बाजारातला चिकटा घालायला विसरू नका आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.

पोफळीवर पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवी. दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप गाठून. पाऊस लांबला तर तिसरी. घड चारही बाजूंनी भिजला पाहिजे. खालून पिचकारी मारून फक्त पुढची बाजू निळी झाली तर पाठीमागच्या सुपाऱ्या रोगाला मोकळ्याच राहतात. पाडेली मिळणं ही आजची खरी अडचण आहे. पाऊस दारात आल्यावर सगळ्यांनाच तो हवा असतो, तेव्हा आत्ताच वार ठरवून घ्या. काही बागायतदार पावसाआधी घडांना प्लास्टिकची पिशवी बांधतात. पाणीच घडापर्यंत न पोहोचू देण्याचा हा उपाय चांगला आहे. थोडी झाडं असतील तर जरूर करा, मोठ्या कुळागरात मजुरी झेपेल की नाही ते आधी बघा.

रोग लागलेली सुपारी ओळखायला सोपी असते. देठाच्या टोपीजवळ गडद हिरवा, पाण्याने भिजल्यासारखा डाग पडतो, तो पसरतो, चकाकी जाते, मग सुपारी गळते आणि जमिनीवर तिच्यावर पांढऱ्या कापसासारखी वाढ चढते. गळलेल्या सुपाऱ्या आणि झाडावर सुकून राहिलेले घड गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. पुढच्या पावसाचा रोग त्यातूनही येतो. माटोळीला (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मंडपीला) बांधायचा कातरो, म्हणजे सुपारीचा घड, रोगट झाडाचा असेल तर विसर्जनानंतर तो कुळागरात टाकू नये, एवढंही सांगून ठेवतो. सुपारी उभी चिरून फुटत असेल तर तो कोळेरोग नव्हे. तिथे जंतू नाही, बहुधा मुळाशी पाणी तुंबलेलं असतं. बुरशीनाशक फवारू नका, चर खणा.

मिरवेल आणि माड

मिरवेलीत वेळ आणखी कमी मिळतो. पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके दिसले तर अजून संधी आहे. बुंधा काळा पडला तर दोन-तीन आठवड्यांत वेल जाते. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या आत्ताच वर बांधा किंवा कापा. जमिनीतला जंतू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आधी तिथेच चढतो. आधाराच्या झाडांची सावली विरळ करा, बुंध्याभोवती पाणी साचू देऊ नका. पावसाच्या सुरुवातीला १ टक्का बोर्डोची फवारणी करा आणि १० लिटर पाण्यात २० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून दर वेलीला ५ ते १० लिटर बुंध्याभोवती ओता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरत असाल तर दर वेलीला ५० ग्रॅम शेणखतात किंवा निंबोळी पेंडीत मिसळून द्या, पण तांब्याच्या ओतणीपासून पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा. एका हाताने चांगली बुरशी सोडायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर तांबं ओतायचं, यात अर्थ नाही. मेटॅलॅक्सिलयुक्त औषध चालतं, पण दर फेरीला तेच वापरलं तर जंतू त्याला जुमानेनासा होतो.

माडाचा सुरळीचा कोंब पिवळा पडून कलला आणि ओढल्यावर सहज हातात आला, वास सुटला, तर ती कोंब कूज. कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी भाग दिसेपर्यंत काढा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरात, १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरात, दोन्ही एकत्र करून केलेला बोर्डो मलम तिथे लावा आणि नवा कोंब येईपर्यंत वरून झाकून ठेवा. शेजारच्या माडांवर १ टक्का बोर्डो फवारा. आतला वाढीचा गाभाच पूर्ण कुजला असेल तर माड तोडून जाळलेला बरा.

जिथे औषधच नाही

खोला गावची मिरची डोंगरउतारावर पावसातच लावतात, आगशी गावच्या वांग्याचा हंगाम पावसानंतरचा. दोन्हींत हिरवंगार झाड अचानक मलूल होतं आणि लोक पाणी घालत बसतात. अशा झाडाच्या खोडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा, पुसून घ्या आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर ती जिवाणूजन्य मर. तिला बुरशीनाशक लागू पडत नाही. झाड मुळासकट काढा, त्या वाफ्यात वांगी, मिरची, टोमॅटो पुन्हा घेऊ नका, शक्य असेल तिथे भाताची फेरपालट करा. रानवांग्यावर कलम केलेली रोपं या मरीला टिकतात. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर सहन करणाऱ्या वांग्याच्या जातीही काढल्या आहेत, रोपं घेताना चौकशी करा.

मिरचीची पानं आवळली की सरसकट ‘व्हायरस’ म्हणायची पद्धत पडली आहे. आधी पान उलटून बघा. कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी ही बारीक कीड, आणि या दोन्हींवर उपाय आहेत. केळीचा पर्णगुच्छ मात्र खरा विषाणू आणि त्याला औषध नाही. पानं अरुंद, ताठ, शेंड्याला झुबक्यासारखी होतात, आणि देठावर गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात. आधी हा विषाणू पसरवणारा मावा मारा, मग गड्ड्यासकट अख्खं बेट काढा. मयडे गावच्या केळीचा मुनवा (बुंध्यातून फुटलेलं पिल्लू) शेजाऱ्याकडून आणताना भीड बाळगू नका, आईझाड बघून मगच घ्या.

भाताबद्दल थोडक्यात. बियाण्याला दर किलोला १० ग्रॅम स्युडोमोनास (उपयोगी जिवाणूंची भुकटी) चोळा, युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्या. पानाच्या टोकापासून कडेने नागमोडी पिवळा पट्टा उतरत असेल तर तो जिवाणूजन्य करपा. युरियाचा पुढचा हप्ता थांबवा, पाणी काढा, आणि ते पाणी शेजारच्या शेतात सोडू नका.

बोर्डोचं उरलेलं पाणी आणि पंप धुतलेलं पाणी पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका, तांबं माशांना मारतं. फवारताना हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे हवेत, पावसाळी उकाड्यात कितीही नको वाटलं तरी. रोग ओळखता आला नाही तर नमुना घेऊन विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. पूर्ण कुजलेला तुकडा नेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या जंतूंचीच गर्दी असते. अर्धा रोगट, अर्धा निरोगी असा भाग कापा, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि त्याच दिवशी पोहोचवा. शेवटची फवारणी कशाची, कधी केली आणि शेतात पाणी कुठे साचतं, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.