घरचा अननस-रम पंच : बिघडतो कुठे, सुधारायचा कसा

चांगली रम आणली म्हणजे कॉकटेल चांगलंच होणार, हा समज आधी सोडा. अननस-संत्र्याच्या रसातला रम पंच बिघडतो तो बहुतेक वेळा बर्फामुळे किंवा आंबटपणामुळे. नेमक्या याच दोन गोष्टींकडे घरात कोणाचं लक्ष नसतं. मध्य प्रदेशातले अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला जोडून असलेल्या बसून प्यायच्या जागा, २०२३ च्या धोरणात बंद झाले; बारमध्ये जायचं नसेल तर बाटली घरीच येते. मग गच्चीवर मंडळी जमतात आणि ग्लासात उतरतं ते कोमट, गुळमट, वासाला उग्र असं काहीतरी. त्यावर "रमच बरोबर नव्हती" असा निकाल लागतो. रम बिचारी निर्दोष असते.

आधी माप बघू. एका ग्लासाला डार्क रम ६० मिली, अननसाचा रस ६० मिली, संत्र्याचा रस ३० मिली, ताज्या लिंबाचा रस २० मिली, साखरेचा पाक १५ मिली आणि चिमटीभर मीठ. हे सगळं बर्फाबरोबर जोरात हलवायचं, गाळून ताज्या बर्फावर ओतायचं आणि वरून जायफळ किसायचं. हे पेय कॅरिबियन बेटांवरच्या प्लांटर्स पंचच्या घराण्यातलं. तिथला जुना हिशेब असा : एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग सौम्य. पण तो हिशेब जसाच्या तसा उचलू नका. आपण सौम्य भागात फळांचा रस घालतो आणि तो मुळातच गोड असतो. त्यावर दोन भाग पाक पडला की पंचाचं सरबत होतं.

अंदाजपंचे दाहोदरसे

रम बाटलीतून थेट ओतली की हात सैल सुटतोच. साठाच्या जागी नव्वद मिली पडली तर लिंबू, पाक, रस सगळ्यांचंच गणित कोसळतं. मग ते सावरायला आणखी रस, आणखी पाक, असं करत ग्लासाचा तांब्या होतो. पेगचं माप घरात नसलं तरी अडत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन घ्या, लिंबू आणि पाकासाठी ते पेगच्या मापापेक्षाही नेमकं. पोहे-उपम्याचे चमचे मात्र एकसारखे नसतात. मापाचाच चमचा घ्या : छोटा ५ मिली, मोठा १५ मिली.

बर्फ वाचवणं

ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. "फार बर्फ नको, पाणचट होईल" म्हणून दोन-तीन खडे टाकले जातात आणि त्यामुळेच पंच पाणचट होतो. दोन खड्यांना सगळं मिश्रण थंड करायचं असतं. ते त्यात विरघळून जातात, तरी मिश्रण कोमटच राहतं. खडे भरपूर असले तर थंडावा वाटला जातो, प्रत्येक खडा थोडाच वितळतो आणि मिश्रण लवकर गार होतं. हलवायचं भांडं दोन तृतीयांश बर्फाने भरा, ग्लास काठोकाठ.

वितळलेलं पाणी हा शत्रू नव्हे, तो पंचाचाच एक घटक आहे. वरच्या मापाचं मिश्रण १८५ मिली होतं. भारतात रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ६० मिलीत सुमारे २६ मिली शुद्ध अल्कोहोल. न हलवलेलं मिश्रण १४ टक्क्यांच्या आसपास भरतं आणि घशाला लागतं. दहा-बारा सेकंद जोरात हलवल्यावर त्यात पन्नासेक मिली पाणी उतरतं आणि ते ११ टक्क्यांवर येतं. चवीला हा मुक्काम बरोबर. चमच्याने ढवळून हे साधत नाही, कारण रसाला हवा लागत नाही आणि थंडावाही कमी पडतो. हाताला भांडं झोंबायला लागलं की थांबा.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बर्फाचा ट्रे गच्चीवर नेऊन ठेवू नका. बाहेर राहिलेल्या खड्यांवर पाण्याचा थर चढतो आणि तो हलवायच्या आधीच पंचात जातो. बर्फ थर्मासच्या भांड्यात ठेवा, साचलेलं पाणी काढून टाका, रस आणि रम आधीपासून फ्रीजमध्ये असू द्या. रमची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तरी घरगुती फ्रीजरच्या तापमानाला ती गोठत नाही.

बर्फाला आणखी एक खोड आहे : तो वास ओढतो. मटार आणि आलं-लसणाच्या पेस्टशेजारी आठवडाभर उघडा पडलेला ट्रे पंचाला फोडणीचा वास देतो. फिल्टरच्या पाण्याचा बर्फ करा आणि जमला की बंद पिशवीत भरा. बाजारातली लादी खायच्या बर्फाचीच आहे अशी खात्री नसेल तर ती बाटल्या बाहेरून गार करायला वापरा, ग्लासात नको.

लिंबात कसर

अननस आंबट, संत्रं आंबट, मग लिंबू कशाला? हा प्रश्न रास्त वाटतो, पण पिकलेल्या फळांचा आंबटपणा साखरेखाली दबलेला असतो. लिंबाशिवाय पंच जिभेवर बसूनच राहतो. मध्यम कागदी लिंबाचा रस १० ते १५ मिली निघतो, म्हणून एका ग्लासाला दीड ते दोन लिंबं धरा. लिंबू फ्रीजमधून काढून लगेच चिरू नका. हाताखाली ओट्यावर दाबून फिरवलं की रस मोकळा होतो. पिळताना सालीचा कीस पडेपर्यंत दाबलंत तर सालीतला कडवटपणा उतरेल. बाटलीतला लिंबाचा रस इथे चालत नाही, त्याला शिजल्यासारखा वास असतो. सकाळी पिळून ठेवलेला रसही संध्याकाळपर्यंत मलूल होतो.

रस कोणता?

खोक्यावर काय छापलंय ते पाहून फसू नका. 'शंभर टक्के फळांचा रस' असा दावा काढून टाका, असं अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, कारण त्यातले बरेच रस आटवलेल्या अर्कात पाणी घालून पुन्हा बनवलेले असतात. मागची घटकांची यादी वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल, किंवा 'फ्रूट ड्रिंक' असं लिहिलेलं असेल, तर त्या दिवशी पाक पूर्ण गाळा आणि लिंबू २५ मिलीवर न्या.

ताजा अननस मिळत असेल तर खोका घेऊच नका. इंदूरच्या चोइथराम मंडीत अननस निवडताना रंगापेक्षा बुडाचा वास घ्या. तोडल्यानंतर अननस पिवळा होतो, मऊ होतो, पण आणखी गोड होत नाही. मधला कडक दांडा काढा, पाणी न घालता मिक्सरमधून फिरवा आणि चहाच्या नाही, बारीक गाळणीतून गाळा. ताज्या रसाचा मोठा फायदा म्हणजे फेस : हलवल्यावर वर बोटभर पांढरी साय धरते. खोक्यातल्या रसाला तेवढा फेस येत नाही.

संत्र्याच्या जागी मोसंबी चालते, पण वेळ सांभाळा. मोसंबीचा रस काढून ठेवला की त्यात लिमोनिन हा कडू घटक हळूहळू तयार होतो. दुपारचा रस रात्री कडूच लागणार. बिया मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या तर हा कडवटपणा आणखी वाढतो. संत्रं असो की मोसंबी, हाताने पिळा, आणि मोसंबीचा रस लगेच वापरा.

पाक, गूळ आणि लाल रंग

साखर थेट ग्लासात टाकली की ती तळाशी बसते, कारण थंड मद्यात ती फार हळू विरघळते. मग पहिला घोट आंबट आणि शेवटचा नुसता गोड. उलट एकतारी पाकही नको, तो गुलाबजामसाठी ठीक. गार झाल्यावर भांड्याला चिकटून राहतो. १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच तापवायचं. फ्रीजमध्ये हा पाक दोन आठवडे टिकतो. गुळाचा पाक डार्क रमशी छान जमतो, दोघांचं मूळ उसातच आहे. फक्त कापडातून गाळा, नाहीतर कचकच लागते.

लाल छटेसाठी गुलाबाचं सरबत घालू नका, पंचाला अत्तराचा वास येतो. अमृत कोकम १० मिली घालून पाक तेवढाच कमी करा. मात्र आगळ उचलू नका, त्यात मीठ असतं आणि ते आख्खा ग्लास खारट करतं.

दूध, साय आणि नारळ

दुधाच्या इंदुरी शिकंजीवर वाढलेल्या माणसाला दुधाचा मोह होतोच, पण अननसाच्या पंचात दूध-साय दोन कारणांनी बिघडते. आंबटपणाने ती फाटते, आणि ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे विकर दुधातली प्रथिनं तोडतं, त्यामुळे चव कडू होते. घट्टपणा हवाच असेल तर पिन्या कोलाडाच्या वाटेने जा. प्वेर्तो रिकोने १९७८ मध्ये अधिकृत पेय म्हणून जाहीर केलेलं हे पेय नारळाच्या घट्ट, गोड क्रीमवर उभं आहे. ते क्रीम घरी असं करा : नारळाचं पहिलं दाट दूध १०० मिली आणि साखर १०० ग्रॅम मंद आचेवर विरघळवा, उकळू देऊ नका, चिमटीभर मीठ घालून गार करा. ग्लासाला ४० मिली घ्या, पाक आणि संत्रं वगळा, लिंबू ५ ते १० मिलीवर आणा, बर्फासकट मिक्सरमधून फिरवा आणि लगेच प्या. ठेवलंत की थर वेगळे होतात.

भांडं आणि मसाला

आजीचा तांब्याचा किंवा पितळी पेला फोटोत देखणा दिसतो, पण लिंबाच्या आम्लाने कल्हई नसलेल्या भांड्यातलं तांबं पेयात उतरतं. स्टील किंवा काच वापरा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा प्रोटीन शेकर किंवा रुंद तोंडाची बरणी पुरते. सोडा मात्र बंद भांड्यात कधी हलवू नका, झाकण उडतं.

ग्लासच्या कडेला जिरावण हा इंदुरी मसाला लावायची हौस इथे बऱ्याच जणांना असते. पोह्यांवर त्याला तोड नाही. पण त्यातल्या हिंगापुढे रमचा व्हॅनिला-कॅरामेलचा वास उरत नाही. नुसतं सैंधव आणि बारीक लवंग पूड लावा, तीही अर्ध्याच कडेला. जायफळ सहाणेवर नव्हे तर कोरडंच बारीक किसणीवर, ओतून झाल्यावर, दोन-तीन घासे. आधी घातलं तर हलवताना ते फेसात अडकतं आणि गाळणीतच राहून जातं.

बिघडलाच तर

फार गोड झालं तर लिंबू पाच-पाच मिली वाढवा. फार आंबट असेल तर पाक, तेवढ्याच पायरीने. कडक लागत असेल तर रस ओतू नका, ताज्या बर्फाबरोबर पुन्हा पाच सेकंद हलवा. सपक वाटलं तर आधी मीठ. बहुतेकदा तेवढ्यानेच फळाचा वास वर येतो. पाणचट झालेल्यावर मात्र फारसा उपाय नाही. १५ मिली रम आणि थोडं लिंबू घालून वेळ निभावते, एवढंच.

दहा जणांसाठी

दहा ग्लास वेगवेगळे हलवत बसण्यापेक्षा एकत्र करा : रम ६००, अननस ६००, संत्रं ३००, लिंबू २००, पाक १५०, आणि बर्फाने दिलं असतं त्यातलं ४०० मिली थंड पाणी आधीच घालून. हे पाणी बहुतेक जण विसरतात. लिंबू सोडून सगळं दुपारी मिसळून फ्रीजमध्ये ठेवा; संत्र्याच्या जागी मोसंबी असेल तर तीही शेवटी. लिंबू पाहुणे आल्यावर. मोठ्या भांड्यात छोटे खडे टाकू नका; स्टीलच्या डब्यात आदल्या रात्री गोठवलेला एकच मोठा ठोकळा सोडा, तो हळू वितळतो.

एका ग्लासात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल आहे, आणि गोडव्यामुळे ते जाणवत नाही. राज्यात मद्याचं किमान वय २१ आहे, आणि गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. घरी परतणाऱ्यांची रिक्षा किंवा टॅक्सी भांडं भरण्याआधीच ठरवा. बिनरमचं एक भांडं वेगळं भरून त्यावर चिठ्ठी लावा; रंग दोन्हीचा जवळजवळ सारखाच दिसतो.

उरलेला पंच गाळून, बर्फ काढून, काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. त्यात लिंबू पडलेलं असेल तर पिण्याआधी ताजं ५ मिली पिळा. नारळाचा असेल तर ठेवू नका.