माघात काकडी लावा, वैशाखात तवसळी भाजा

थंडी पुरती गेलेली नाही, पण दुपारचं ऊन पाठीला टोचू लागलंय. परसातली मेथी फुलावर आली आणि कोथिंबिरीने तुरे काढले की समजायचं, हिवाळी वाफा मोकळा करायची वेळ झाली. जे उभं आहे ते आधी काढून घ्या. गाजरं जमिनीत ठेवून वाढत नाहीत. ऊन वाढलं की आतला दांडा लाकडासारखा होतो आणि किसताना हाताला कळतं. कोबीचा गड्डा घट्ट झाला असेल तर तोही थांबवू नका, तडकेल. घरच्या कोबीचं भानोळं करायला हे दिवस उत्तम: बारीक चिरलेला कोबी, बेसन, ओलं खोबरं, आलं-लसूण-मिरची आणि तेलाचा सढळ हात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत त्यात कोलंबी पडते, पण नुसत्या कोबीचंही झकास होतं. वरून खरपूस रंग येईपर्यंत भाजा, गार झाल्यावरच वड्या पाडा.

आता मोकळ्या झालेल्या जागेकडे वळू. या महिन्यात एकच वेल लावायची असेल तर काकडी लावा, आणि लावतानाच ठरवा की त्यातली एखादी काकडी वेलावर पूर्ण पिकू द्यायची. पिकून पिवळ्या झालेल्या काकडीची तवसळी (काही घरांत धोंडस म्हणतात) हा आपला स्वतःचा भाजलेला गोड पदार्थ आहे. खाली निखारे, वर झाकणावर निखारे, मध्ये पातेलं. कोकणात ही पावसाळी काकडीची, तवशांची, पण उन्हाळी वेलावरच्या पिकलेल्या काकडीचीही तितकीच चांगली होते.

पेरणीची घाई मात्र नको. काकडी, दुधी, दोडका, भोपळा या सगळ्यांचं बी थंड मातीत रुजत नाही, कुजतं. मी एका वर्षी संक्रांतीनंतर लगेच आठ बिया टोकल्या. पंधरा दिवसांनी उकरून पाहिलं तर सात बिया मऊ पडलेल्या. तेव्हापासून सकाळी सातला मातीत दोन पेरं बोट घालून बघतो. बोट गारठलं तर थांबतो. कोकणात जानेवारीतही चालतं. पुणे, नाशिककडे फेब्रुवारीचा मध्य बरा. विदर्भात फेब्रुवारी उजाडताच उरका, कारण तिथे ऊन झपाट्याने चढतं आणि कडक उन्हात वेलावर नरफुलंच जास्त येतात.

गच्चीवर लावणार असाल तर १५ ते २० लिटरची कुंडी हवी. तेलाचा पत्र्याचा डबा चालतो. तळाला भोकं पाडा आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर मार्चअखेर पत्रा तापून मुळं भाजतात. दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी येते. पूना खिरा किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी यांसारखं सरळ वाण (संकरित नसलेलं, ज्याचं बी धरून पुन्हा लावता येतं) घ्या. बिनबियांची संकरित काकडी कोशिंबिरीला छान, पण तवसळीसाठी आणि बी धरण्यासाठी कामाची नाही. बी रात्रभर भिजवून दोन सेंटिमीटर खोल टोका.

रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येतात आणि पानांची चाळणी करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या चार वेलांना याहून मोठा उपाय लागत नाही. पानांवर पांढरी भुरी (पिठासारखी बुरशी) दिसली तरी उन्हाळ्यात गंधकाची भुकटी मारू नका, वेलवर्गीय पिकांची पानं करपतात. आजारी पानं काढा, वेलीला मांडव देऊन हवा खेळू द्या.

पहिली फुलं गळाली म्हणून घाबरू नका, ती नरफुलं असतात. नंतरच्या फुलांत ज्याच्या देठाशी करंगळीच्या टोकाएवढी, लव असलेली इवली काकडी दिसेल ते मादीफूल. गच्चीवर मधमाश्या कमी असतील तर सकाळी नऊच्या आत नरफूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादीफुलात हलकेच फिरवा. दोन दिवसांत ती इवली काकडी हिरवीगार होऊन फुगू लागली की जमलं. पिवळी पडून सुकली तर दुसऱ्या फुलावर पुन्हा करा. फुलोऱ्यात कसलीही फवारणी लागलीच तर सूर्य कलल्यावरच.

फळमाशीसाठी क्यू ल्युरचा, म्हणजे वेलवर्गीय फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा लावा. आंब्याचा मिथाईल युजेनॉलचा सापळा इथे उपयोगाचा नाही. डंख लागून वाकडी झालेली फळं खोल पुरा.

पाणी रोज सकाळी, आणि बुडाशी पाचट किंवा सुक्या पानांचं आच्छादन. वेल तहानली की काकडी कडू होते. हा कडूपणा शिजवून वा भाजून जात नाही. म्हणून किसण्याआधी प्रत्येक काकडीचा, दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि फळ टाकून द्या. गूळ घालून झाकायला जाऊ नका, कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडतात.

साधारण ४५ ते ५० दिवसांत तोडे सुरू होतील. पिकायला फळ ठेवलं की वेल नवी फळं धरायचं कमी करते, म्हणून आठ-दहा काकड्या खाऊन झाल्यावरच एका वेलीवर एक राखा. तीनेक आठवड्यांत ती पिवळी-तांबूस होईल, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास.

मग ती सोला, बिया काढून ठेवा, गर पाण्यासकट किसा. दोन वाट्या कीस, एक वाटी तांदळाचा रवा, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूट मीठ, वेलची. रवा तुपावर गुलाबी भाजा, त्यात बाकी सगळं घालून मंद आचेवर रवा फुलेपर्यंत ढवळा. वेगळं पाणी नको, काकडीचं पुरतं. तूप लावलेल्या भांड्यात थापून ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं तव्यावर ठेवून झाकणावर निखारे पसरा. कडा सुटून तांबूस झाल्या की उतरवा.

काढलेल्या बिया एक-दोन दिवस त्यांच्याच गरात ठेवा, मग चोळून धुवा. पाण्यात तळाला बसतील त्या घ्या, तरंगतील त्या टाका. सावलीत वाळवून राखेत घोळवा आणि बरणीत भरून ठेवा, जूनच्या पेरणीला येतील.